आधी वेल गेली की आधी खोल्या आल्या?

प्रश्न : बाई, मी केळव्याची, पालघरला कॉलेजात एस.वाय.बी.ए.ला आहे. यंदा आम्हाला फील्ड प्रोजेक्ट आहे. मी ‘केळवे बीचवरील पर्यटन : एक अभ्यास’ असा विषय लिहून दिला. सरांनी त्यावर लाल रेघ मारली आणि म्हणाले, “हा विषय झाला. प्रश्न कुठे आहे?” शिवाय दिवाळीच्या सुट्टीआधी दहा संदर्भांची ‘अ‍ॅनोटेटेड बिब्लिओग्राफी’ आणायची आहे. प्रश्न म्हणजे सरांना नेमकं काय हवंय? आणि प्रोजेक्टची एक ओळही लिहिली नसताना संदर्भ कसले द्यायचे? ते तर शेवटच्या पानावर असतात ना?
— एक विद्यार्थिनी, केळवे

उत्तर : तू माझ्या नातीच्या वयाची, म्हणून ‘तू’ म्हणते. सरांची लाल रेघ योग्य जागी पडली आहे. मी एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होते. प्रबंध आले की त्यांच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायची, हे माझं काम. ‘अमुक तमुक : एक अभ्यास’, ‘एक चिकित्सक अभ्यास’, ‘एक दृष्टिक्षेप’. शेवटी शेवटी मी शीर्षक त्या विसर्गासारख्या दोन टिंबांपर्यंतच वाचायची. पुढे काय येणार ते पाठ झालं होतं, आणि त्याचा अर्थही : लिहिणाऱ्याला प्रश्न सापडलेला नाही.

‘केळवे बीचवरील पर्यटन’ यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह लावून वाच. काहीच होत नाही. मग मुलं दुसरी युक्ती करतात : ‘पर्यटनाचे केळवे गावावर काय परिणाम झाले?’ हा दिसतो प्रश्नासारखा, पण त्याचं उत्तर तुला आत्ताच पाठ आहे. रोजगार वाढला, कचरा वाढला, जमिनीचे भाव वाढले, गावपण हरवलं. दोन मुद्दे बाजूने, दोन विरुद्ध, आणि शेवटी ‘पर्यटनाचा समतोल विकास व्हावा’. हे तू ओटीवर बसून एका दुपारीत लिहिशील. घरातून निघण्याआधीच उत्तर पदरात असेल, तर उन्हातून हिंडायचं कशाला?

तेव्हा एक कर. रविवारी नको, रविवारी गाव आपलं नसतं. मंगळवारी सकाळी शितलादेवीच्या देवळापासून समुद्राकडे चालत जा, पण समुद्राकडे बघू नकोस. दोन्ही बाजूंच्या वाड्यांकडे बघ. कुंपणावर पाट्या दिसतील : ‘घरगुती जेवण मिळेल’, ‘एसी रूम’, ‘पार्किंगची सोय’. पाटीमागे नारळ-सुपारी, तिच्यामागे रंगीत खोल्यांची ओळ. आणि कुठे कुठे, पार मागच्या अंगाला, सावलीत आधाराला चढवलेली पानवेल. केळवे-माहीमचं विड्याचं पान टोपल्या भरभरून बाहेरगावी जायचं, हे तुझी आजी सांगेल. घरात पानाचा डबा-चुना चालू असेल तर जरा जास्तच सांगेल.

आता वाडीच्या मालकाला विचार, पानवेल कमी का झाली. मी विचारलं आहे. एक काका म्हणाले, वेलीला मर लागली, उत्पन्न बसलं, म्हणून खोल्या काढल्या. तिथून चौथ्या वाडीतल्या काकू म्हणाल्या, शनिवार-रविवारी खोल्यांचे पैसे रोख हातात पडायला लागले, मग रोज उठून वेल कोण बांधणार? त्यांचा मुलगा मध्येच म्हणाला, “मी बोईसरला एमआयडीसीत शिफ्टला जातो, बाबांचे गुडघे गेले, वेल त्याने गेली. खोल्यांचा काही संबंध नाही.” एकाच घरात दोन कारणं.

ज्याचं त्याचं म्हणणं त्याच्या वाडीपुरतं खरं असेल. सगळ्या गावाचं खरं काय, ते मोजल्याशिवाय कळायचं नाही. तुझा प्रश्न तिथे आहे : केळव्यात गेल्या पंधरा वर्षांत ज्या वाड्यांमध्ये पर्यटकांसाठी खोल्या झाल्या, तिथे आधी वेल गेली की आधी खोल्या आल्या?

या प्रश्नाचं मला एक आवडतं. याचं उत्तर कुठल्याही बाजूला पडू शकतं. वेल आधी गेली असेल, तर पर्यटन हा गुन्हेगार नाही, उलट पडत्या घराला लावलेला टेकू ठरतो. खोल्या आधी आल्या असतील, तर गोष्ट पार वेगळी. दोन्ही एकाच हंगामात झालं असेल, तर तिसरंच काहीतरी शोधावं लागेल : विहिरीचं पाणी मचूळ झालं का, घर वाटणीत विभागलं गेलं का. शिवाय प्रत्येक वाडीत तुला दोनच तारखा विचारायच्या आहेत. शेवटची टोपली कधी विकली, आणि पहिली खोली कधी भाड्याने दिली. तारीख कुणालाच आठवत नाही, पण ‘थोरलीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी’ हे सगळ्यांना आठवतं. लग्नपत्रिका कपाटात असतेच. वीस वाड्या केल्यास तरी खूप झालं, आणि त्या सगळ्या सायकलच्या टप्प्यात आहेत.

एक गोष्ट मात्र आधी तपासायची. ‘पानवेल कमी झाली’ हे आपण सगळे म्हणतो, मीही वर म्हणून गेले, पण ते अजून सिद्ध कुठे झालंय? सातबाऱ्यावरच्या गाव नमुना बारामध्ये कुठल्या वर्षी कुठलं पीक होतं याची नोंद असते. तलाठी कार्यालयात जाऊन (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) तेवढी मागून बघ. २०२१पासून ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवतो. त्यामुळे त्याआधीचा आकडा आणि त्यानंतरचा आकडा वेगवेगळ्या हातांनी लिहिलेला आहे, हे विसरू नकोस. आकडा घसरलेला दिसला तर वेल घसरली की नोंद घसरली, हा उपप्रश्न तयार.

आता संदर्भांकडे येऊ. ते शेवटच्या पानावर छापतात हे खरं. पण जेवणाच्या पंगतीत ताक शेवटी येतं, म्हणून ते शेवटी घुसळतात असं नाही. सटीप संदर्भसूची (सरांच्या इंग्रजी शब्दाला मी हा शब्द वापरते) आधी करायची, कारण ती करताकरताच प्रश्न घडतो, मोडतो आणि पुन्हा घडतो.

पहिली अडचण येईल ती नावांची, आणि ती तुला कुणी सांगणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. ‘माहीम’ असं शोधलंस तर दहातले नऊ संदर्भ मुंबईच्या माहीमचे निघतील : दर्गा, खाडी, हलवा. आपलं माहीम वेगळं, म्हणून तर ‘केळवे-माहीम’ ही जोडी पडली. केळव्याचंही तसंच. कुणी केळवा लिहितं, कुणी केळवे, इंग्रजीत कुणी ‘केल्वा’ तर कुणी ‘केळवे’चं आणखी काही करतं. सगळी रूपं वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढ आणि प्रत्येकाने वेगळा शोध घे.

त्याहून मोठी गोम जिल्ह्याची आहे. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. २०११च्या जनगणनेचं जिल्हा पुस्तक उघडलंस तर त्यात ‘पालघर जिल्हा’ नसणारच. केळवे सापडेल ते ठाणे जिल्ह्याच्या पुस्तकात, पालघर तालुक्याखाली. आणखी मागे, १८८२च्या गॅझेटियरात गेलीस, तर पालघर तालुकाही सापडणार नाही. तेव्हा तालुक्याचं नावच माहीम होतं. माझ्याकडे एक मुलगा आला होता, दोन दिवस पालघर शोधून थकला आणि म्हणाला, ‘बाई, इंग्रजांनी आपला तालुका वगळलाय.’ त्यांनी काही वगळलं नव्हतं. पोरगं आजचं नाव घेऊन कालच्या घरात शिरलं होतं.

आता टिपण. मुलं काय लिहितात ते आधी दाखवते. गॅझेटियरखाली लिहितात : ‘हा अत्यंत महत्त्वाचा व उपयुक्त ग्रंथ असून त्यात ठाणे जिल्ह्याची सर्वांगीण माहिती दिलेली आहे.’ हे वाक्य कुठल्याही पुस्तकाखाली चिकटतं. पाकशास्त्राच्या पुस्तकाखाली ‘ठाणे’ काढून ‘स्वयंपाक’ घाल, तरी चालेल. आता हे वाच :

‘कॅम्बेल, जेम्स (संपा.), गॅझेटियर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी, खंड १३ व १४, ठाणे, १८८२. सरकारने कारभारासाठी करवून घेतलेलं संकलन. तेराव्या खंडात शेतीचं प्रकरण, चौदाव्यात ठिकाणांची माहिती. लिहिणारा सारा वसूल करणाऱ्यांच्या बाजूचा. वाडीत राबणाऱ्याचं म्हणणं यात नाही. खोल्या तेव्हा नव्हत्या, त्यामुळे माझ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही. पर्यटन येण्याच्या कितीतरी आधी इथली बागायत कशी होती, ते तुलनेसाठी घेतलं. माहीम तालुका आणि आजचा पालघर तालुका यांच्या हद्दी एकच धरू नयेत.’

हे पुस्तक कसलं, कुणी कशासाठी लिहिलं, आणि माझ्या प्रश्नाला ते काय देतं नि काय देत नाही, एवढंच त्यात आहे. सहा-सात वाक्यं. शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं, कारण ते तू स्वतः ठेच लागून शिकलीस.

तुझ्या यादीत पहिलं नाव कुठलं असेल ते मी सांगते : महिकावतीची बखर. आपल्याकडे कुणीही काहीही लिहायला बसलं की आधी बखर काढतं, मग तो विषय सुक्या बोंबलाचा का असेना. माझाही तिच्यावर जीव आहे. वि. का. राजवाड्यांनी ती १९२४ साली छापली. वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली सहा प्रकरणं, बिंब राजा उत्तर कोकणात आला त्याची हकीकत, कुळं-गावं-वतनं यांच्या याद्या. या बखरीतली महिकावती ती हीच, आपल्या अंगणातली, असं कुणी म्हटलं की ऊर भरून येणारच. तरी तुझ्या यादीतून ती काढ. तुझा प्रश्न पंधरा वर्षांचा आहे आणि बखर शेकडो वर्षांची. ती प्रोजेक्टला शोभा आणेल, पुरावा नाही. आवडतं पुस्तक बाहेर ठेवता आलं की समजायचं, प्रश्न पक्का झाला.

पण राजवाड्यांची प्रस्तावना वाच, प्रोजेक्टसाठी नव्हे, स्वतःसाठी. कागद हातात आल्यावर माणूस काय काय विचारतो ते तिथे दिसतं. यातलं कुठलं प्रकरण जुनं, कुठलं मागून जोडलेलं, कुणाच्या सोयीचं, हे ते आधी बघतात. आणि मग एक मोठा प्रश्न काढतात : उत्तर कोकणात एकामागून एक राज्यं आली नि गेली, तरी सामान्य माणूस त्याबाबतीत इतका उदासीन कसा राहिला? त्यांचं उत्तर मला सगळं पटत नाही, बऱ्याच जणांना पटलेलं नाही. पण बखरीत राजांची नावं शोधत बसणाऱ्याला हा प्रश्न सुचला नसता. तो प्रजेकडे बघणाऱ्याला सुचतो.

बाकीचे नऊ संदर्भ कुठून? पानवेलीच्या लागवडीवर आणि मर रोगावर कृषी खात्याच्या पुस्तिका असतात. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचार. पर्यटनावरचे प्रबंध ‘शोधगंगा’वर फुकट वाचता येतात. प्रबंध उघडलास की आधी शेवटची पानं वाच, त्याची संदर्भसूची. दुसऱ्याने वर्षभर चालून पाडलेली पायवाट आहे ती. वर्तमानपत्रांच्या पर्यटन पुरवण्याही घे, पण टिपणात स्पष्ट लिही की हा मजकूर पर्यटकाला बोलावण्यासाठी लिहिलेला आहे. त्यात खोलीचं भाडं खरं सापडेल, पानवेल फक्त फोटोत. काका-काकूंच्या मुलाखती या सूचीत घालू नकोस, त्यांची नोंद वेगळी ठेव. आणि त्यांची नावं छापण्याआधी त्यांना विचार. खोल्यांचा विषय आला की परवान्याचा विषय येतो, आणि तुझ्या मार्कांसाठी कुणाच्या घरी नोटीस जायला नको.

दहा भरले नाहीत तर? सात आण. सात नीट वाचलेले संदर्भ बघून सर रागावले, तर माझं नाव सांग.

प्रश्न : माझा प्रकल्प १९४५च्या वारली उठावावर आहे. एक संदर्भ इंग्रज काळातल्या अधिकाऱ्याचा अहवाल, दुसरा चळवळीतल्या नेत्यांचं पुस्तक. दोन्ही बाजूंचे लोक. तटस्थ संदर्भ मिळत नाही, मग काय करावं?
— एक विद्यार्थी, बोईसर

उत्तर : तटस्थ संदर्भाची वाट बघत बसलात तर पदवी हातची जाईल. तुम्ही नावं दिलेली नाहीत, पण पहिला बहुधा सिमिंग्टन यांचा १९३९चा अहवाल आणि दुसरं गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’, १९७०चं. सिमिंग्टन सनदी अधिकारी, सरकारने चौकशीला नेमलेले, उठावाच्या आधी लिहिणारे. गोदावरीबाई स्वतः त्या लढ्यात उभ्या असलेल्या, आणि घडून गेल्यावर पंचवीस वर्षांनी लिहिणाऱ्या. टिपणात हेच लिहायचं.

आणि मग दोन्ही शेजारी ठेवून बघा, जमतं कुठे. वेठ, सावकारी, जमीनदाराची दांडगाई यांबद्दल सरकारी अधिकारीही गप्प नाही. ज्याला ते लपवायला सोयीचं होतं त्याच्याच कागदात ते सापडतं, तेव्हा त्याचं वजन दुप्पट होतं. जिथे जमत नाही, तिथे तुमचा प्रश्न असतो. ‘वारली उठाव : एक अभ्यास’ हे मात्र नको. वर वाचलंत ना?

प्रश्न : चॅटजीपीटीला सांगितलं की दोन मिनिटांत वीस संदर्भ टिपणांसकट मिळतात. सगळे करतात. यात चूक काय?
— बी.कॉम.चा विद्यार्थी, पालघर

उत्तर : मला ओळखीच्या एका प्राध्यापकांनी अशी एक यादी तपासायला दिली होती. विसांतली तेरा पुस्तकं खरी होती. चारांचे लेखक खरे, पुस्तकं त्यांनी लिहिलेलीच नाहीत. तीन मात्र नावापासून प्रकाशकापर्यंत हवेतली, आणि सांगायला लाज वाटते, त्यातल्या एकाचं नाव वाचून मला वाटलं, अरे, हे मी पाहिलंय. इतकं ते बेमालूम होतं. ठाकठीक नाव, पुण्याचा प्रकाशक, साल. मी दोन दिवस ते पुस्तक शोधलं.

यंत्राला शब्दांची सोबत कळते, कपाट कळत नाही. विचारायचं असेल तर ‘पानवेलीला आणखी कुठल्या नावांनी शोधू’ असलं विचारा, त्यात ते हुशार आहे. सूचीत जाणारं प्रत्येक पुस्तक मात्र तुमच्या हातात, निदान पडद्यावर, पानापानाने उघडलेलं असलं पाहिजे. आमच्या वाचनालयात एक जुना कारकून होता, तो म्हणायचा, “धूळ लागली का बोटाला? मग लिही.” आता पीडीएफला धूळ नसते, पण पान क्रमांक असतो. टिपणात एक तरी पान क्रमांक द्या. सरांनी तेवढं पान मागितलं की खरंखोटं कळतं.

प्रश्न : मुलीच्या प्रोजेक्टमुळे घरात संदर्भसूची हा शब्द रोज ऐकतो. सहज कुतूहल म्हणून विचारतो, मराठीत छापलेल्या सगळ्या पुस्तकांची यादी कधी कुणी केली आहे का?
— एक पालक, सफाळे

उत्तर : केली आहे, आणि एका माणसाने. शंकर गणेश दाते. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांचा, दुसरा १९३८ ते १९५०चा. विषयवार लावलेली नोंद, लेखक, साल, पृष्ठसंख्या. संगणक तर सोडाच, धड एका ठिकाणी सगळी पुस्तकंही नव्हती. कॉलेजात असताना माझ्या टेबलावर दात्यांचे दोन जाडजूड खंड कायम असायचे. एखादं पुस्तक त्यात नाही म्हटल्यावर आम्ही आधी स्वतःवर शंका घ्यायचो, मग पुस्तकावर, दात्यांवर सगळ्यात शेवटी.

बघायची इच्छा असेल तर सफाळ्याहून गाडी पकडा. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून पाच वर्षांनी थोरलं. कुठेही जाऊन ‘दाते सूची’ म्हणा, तेवढं पुरतं. लेकीलाही न्या. तिच्या दहा नोंदींना किती वेळ लागला ते तिला ठाऊक आहे, त्यामुळे ते खंड ती तुमच्यापेक्षा जास्त वेळ हातात धरेल.

जाता जाता : केळव्याच्या त्या मुलीचं पत्र आल्यावर मी आमचीच माळ्यावरची पेटी उघडली. सासऱ्यांनी पानाच्या विक्रीच्या पट्ट्या जपून ठेवल्या होत्या, व्यापाऱ्याने दिलेल्या, प्रत्येकीवर तारीख, टोपल्या किती आणि भाव काय. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, आकडे शाबूत आहेत. शेवटची पट्टी आमच्या वाडीत पहिली खोली झाली त्याच्या सहा वर्षं आधीची निघाली. आमच्यापुरतं तरी वेल आधी गेली होती, आणि मी इतकी वर्षं पाहुण्यांना उलटं सांगत होते.

केळवे, माहीम, शिरगाव, एडवण या भागात ज्यांच्या घरी अशा जुन्या पट्ट्या, हिशेबाच्या वह्या, मजुरीची टाचणं असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्याआधी गावच्या वाचनालयात कळवावं. द्यायची नसतील तर देऊ नका. फक्त त्या मुलीला एक दिवस बसून उतरवून घेऊ द्या. येताना ती वही-पेन आणेल, चहा तेवढा तुम्ही द्या.